शेगडी चकचकीत, नळी मात्र जुनीच

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस आले की आमच्या सरकारी रुग्णालयात काही ठरावीक रुग्ण येऊ लागतात. माळ्यावरून पडून मनगट मोडलेले, ॲसिडची वाफ नाकातोंडात जाऊन खोकून बेजार झालेले आणि भाजलेले. त्यातल्या एक बाई माझ्या कायमच्या लक्षात राहिल्या. दुपारी त्यांनी शेगडी पुढे ओढून खालचा ओटा घासला, बर्नर चिंचेने लख्ख केले, फरशी फिनेलने पुसली आणि शेगडी पुन्हा मागे सरकवली. या ओढाओढीत नळीचे शेगडीकडचे टोक सैल झाले. रेग्युलेटर चालूच होता. फिनेलच्या वासात गॅसचा वास लपला. संध्याकाळी चहासाठी लायटर दाबला आणि भडका उडाला. चेहरा, दोन्ही हात भाजले. त्या पुन्हा पुन्हा एकच सांगत होत्या, "डॉक्टर, मी तर साफसफाईच करत होते."

त्यांचे काय चुकले? निष्काळजीपणा म्हणावा, तर त्या घरातल्या सगळ्यांत काळजी घेणाऱ्या होत्या. चुकले ते आपले सगळ्यांचे. शेगडी चमकली पाहिजे, हे आपण मुलींना लहानपणापासून शिकवतो. पण फडक्याला हात लावण्याआधी रेग्युलेटर बंद करायचा, हे कोणी शिकवत नाही.

सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रामुख्याने प्रोपेन आणि ब्युटेन. त्याला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत, ओट्याखाली साचतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण दोन टक्के झाले तरी एक ठिणगी पुरते. नाशिकमध्ये आता काही घरांत पाइपने येणारा नैसर्गिक गॅस आहे. तो हवेपेक्षा हलका, म्हणून छताकडे जातो. त्याच्यासाठी शेगडीचे जेटही बदलावे लागतात. जुनी शेगडी घरच्या घरी जोडण्याचा उद्योग करू नये.

म्हणून सफाईचा क्रम ठरवून घ्या. आधी रेग्युलेटर बंद, मग शेगडी पूर्ण गार होऊ द्यायची आणि त्यानंतरच फडके. बर्नर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवावेत, भोके पिनेने मोकळी करावीत. जेटच्या बारीक छिद्रात मात्र तार खुपसू नये. ते मोठे झाले की ज्योतीचे गणित बिघडते. बर्नर पूर्ण वाळल्यावर खाचेत नीट बसवावेत. काचेची शेगडी गरम असताना तिच्यावर गार पाणी टाकू नये, काच फुटते. विजेचा ओव्हन असेल तर आधी प्लग काढावा, आतल्या कॉइलवर काहीही फवारू नये.

संडास धुण्याचे ॲसिड बर्नरसाठी वापरू नका. ते धातू खाते आणि फुप्फुसांनाही सोडत नाही. ॲसिड आणि ब्लीच एकत्र केले तर क्लोरीन वायू तयार होतो. बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो. 'दोन्ही मिसळले तर जास्त स्वच्छ' हा समज घेऊन आलेले रुग्ण मी दम लागलेल्या अवस्थेत पाहिले आहेत.

ज्योत निळी हवी. ती पिवळी दिसत असेल, भांड्यांचे बूड काळे होत असेल, तर गॅस अर्धवट जळतो आहे. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वासही नाही. नाशिकच्या थंडीत खिडक्या घट्ट लावून स्वयंपाक करणाऱ्यांना सकाळी डोके जड होत असेल, तर पित्ताची गोळी घेण्याआधी एकदा ज्योतीकडे बघा.

आता नळी. आयएसआय चिन्हाची सुरक्षा नळी घ्यावी आणि पाच वर्षांनी बदलावी. भेगा पडल्या किंवा उंदराने कुरतडली तर त्याच दिवशी. नळीवर कापड किंवा प्लास्टिकचे आवरण नको, त्याखाली भेगा दिसत नाहीत. सांध्यांवर साबणाचा फेस लावून बघा, बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून तपासणे म्हणजे संकटाला स्वतःहून बोलावणे.

वास आलाच तर विजेचे बटण चालूही करू नका, बंदही करू नका. पंखा नको, मोबाइल नको. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेरूनच 1906 या क्रमांकावर कळवा. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतू नका. गॅस बंद करून झाकण ठेवा. कोणी भाजलेच तर जखम वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. सूज यायच्या आत बांगड्या-अंगठ्या काढा, स्वच्छ कापडाने सैल झाका आणि 108 ला फोन करा. टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ यांतले काहीही लावू नका. हळद लावून आणलेली जखम धुताना रुग्णाला जे सोसावे लागते, ते आम्ही रोज बघतो.

माझे म्हणणे मात्र या सूचनांपुरते नाही. भाजण्याच्या अपघातात होरपळते बहुधा घरातली बाई. नवी नळी आणायची की नाही, हे मात्र अनेक घरांत ती ठरवत नाही. दोन-अडीचशे रुपयांची वस्तू 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणून राहते आणि तेवढ्याच वेळात नवा मोबाइल येतो. 2016 पासून उज्ज्वला योजनेमुळे लाखो घरांतला चुलीचा धूर गेला, हे डॉक्टर म्हणून मला मोलाचे वाटते. पण जोडणीबरोबर समजावणीही पोहोचायला हवी होती. तपासणीला येणाऱ्या माणसाने दारातच सही घेऊन जाऊ नये. नळी, रेग्युलेटर, ज्योत ही तिन्ही घरच्या बाईसमोर तपासावीत, तिच्या हातून एकदा करून घ्यावीत. आपणही त्याशिवाय सही देऊ नये. बचत गटांच्या आणि सोसायट्यांच्या बैठकीत यासाठी अर्धा तास काढणे अवघड नाही.

त्या बाईंचे हात बरे झाले, बोटे मात्र पूर्ण मिटत नाहीत. या रविवारी घरातल्या पुरुषांनी ओट्याखाली वाकून नळीवर छापलेली तारीख वाचावी. वाचता आली नाही, तर नळी जुनी झाली असे समजून बदलावी.