नोटेचे वय आणि नोटेचे मोल

१/१०
१९५७ च्या मालिकेतील निळ्या शिक्क्याची एक डॉलरची अमेरिकी नोट हाती आली, की घबाड सापडल्याचा भास अनेकांना होतो. प्रत्यक्षात वापरून मऊ झालेली अशी नोट दर्शनी किमतीच्या फारशी वर जात नाही. उलट १८९० सालच्या एक हजार डॉलरच्या एका नोटेला २०१४ मध्ये लिलावात सुमारे ३३ लाख डॉलर मिळाले. हा फरक निव्वळ वयाचा नव्हे.

२/१०
पहिला निकष : नोटा छापल्या किती यापेक्षा उरल्या किती. १८९० च्या त्या नोटेच्या मागील बाजूची शून्ये कलिंगडासारखी दिसतात, म्हणून संग्राहक तिला ‘ग्रँड वॉटरमेलन’ म्हणतात. हजार डॉलर आठवण म्हणून जपून ठेवणे त्या काळी कोणाला परवडणार? नोटा वटवल्या गेल्या आणि नष्ट झाल्या. १९५७ च्या नोटा मात्र अब्जावधींनी छापल्या गेल्या, आणि लोकांनी त्या हौसेने जपल्याही.

३/१०
दुसरा निकष : नोट कोणी काढली. १८६३ च्या कायद्यानंतर १९३५ पर्यंत अमेरिकेतील हजारो स्थानिक बँका ‘नॅशनल बँक नोटा’ काढत. नोटेवर बँकेचे व गावाचे नाव आणि सनद क्रमांक असे. चित्र तेच, साल तेच. पण न्यूयॉर्कच्या बड्या बँकेची नोट सहज मिळते आणि एखाद्या आडगावच्या बँकेच्या एक-दोनच नोटा उरलेल्या असतात. तिथे मोल त्या गावाच्या नावाला असते.

४/१०
तिसरा निकष : अवस्था. घड्या, टाचणीची भोके, कोपरे, समास, रंग पाहून नोटेला ७० पैकी गुण दिले जातात. ही श्रेणी मुळात नोटांची नव्हेच. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये ती अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी मांडली. एका ठळक घडीनेही किंमत कित्येक पटींनी उतरू शकते.

५/१०
म्हणूनच नोट धुण्याचा, इस्त्री करण्याचा मोह घातक ठरतो. कोरीव छपाईत शाईचा जो सूक्ष्म उठाव कागदावर येतो, तो दाबाने सपाट होतो. जाणकाराच्या भिंगातून हे सुटत नाही. नोट उजळते, पण तिचे मोल घटते.

६/१०
इथवर बाजाराचे म्हणणे रास्त आहे. खोट आहे ती पुढे. सर्वाधिक गुण मिळतात ते ज्या नोटेने पैशाचे काम कधी केलेच नाही तिला. यादवी युद्धात उत्तरेच्या सैनिकांना पगार ‘ग्रीनबॅक’ नोटांत मिळे. हातोहात फिरून जीर्ण झालेली तशी नोट त्या काळाची साक्षीदार आहे. तरी पेटीत पडून राहिलेली कोरी नोट तिच्या अनेक पटींनी विकली जाते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ही उतरंड जशीच्या तशी स्वीकारता कामा नये.

७/१०
दक्षिणेच्या बंडखोर सरकारची १८६२ ची शंभर डॉलरची नोट पाहावी. तिच्यावर कापसाच्या शेतात खुरपणी करणारे गुलाम आहेत. म्हणजे ज्या श्रमावर ते राज्य उभे होते, तेच त्याने चलनावर मिरवले. नोटेवर दिवसाला दोन सेंट व्याज होते. ती कधी दिली गेली, व्याज कुठवर चुकते झाले, याच्या हस्तलिखित नोंदी आणि शिक्के मागील बाजूस सापडतात. नवख्याला हे डाग वाटतात. जाणता संग्राहक त्यांच्यासाठीच पैसे मोजतो.

८/१०
ते सरकार १८६५ मध्ये कोसळले आणि १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने त्याची कर्जे बेकायदा ठरली. चलन म्हणून या नोटांची किंमत शून्य, तरी संग्रहमूल्य कायम. फिलाडेल्फियाच्या सॅम्युएल अपहम यांनी १८६२ पासून ‘स्मरणवस्तू’ म्हणून विकलेल्या त्यांच्या नकलाही आज संग्राह्य आहेत! त्या नकलांच्या तळाशी अपहम यांचे नाव असे. लबाड लोक तेवढी पट्टी कापून त्या खऱ्या म्हणून खपवत.

९/१०
१८९९ च्या पाच डॉलरच्या नोटेवर हंकपापा लकोटा जमातीचे रनिंग अँटिलोप आहेत. पण त्यांच्या मस्तकी शिरोभूषण चढवले आहे ते पॉनी या वेगळ्याच जमातीचे. कोणताही गुणांक हे सांगत नाही. ‘बाजाराचे काम इतिहास शिकवणे नव्हे,’ असा प्रतिवाद होईल. मान्य, पण मागणी जाणिवेतून जन्मते. गावाच्या नावाला आणि मागील बाजूच्या शिक्क्यांना किंमत आली, ती कोणीतरी त्यांचा अर्थ लावला म्हणूनच.

१०/१०
म्हणून जुनी नोट हाती आल्यास क्रम असा असावा : ती कोणी काढली, तशा किती उरल्या, तिची अवस्था काय, तिच्यावर खुणा कोणत्या. विक्रेते सांगतात त्या भावावर न जाता पार पडलेल्या लिलावांचे आकडे पाहावेत. नोट पुसू नये, चिकटपट्टी लावू नये. ती कोणाच्या घरातून, कोणत्या कागदपत्रांसोबत आली, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. गुणांक पुढेही काढता येतो. ही माहिती एकदा हरवली की परत मिळत नाही.