हात सुजला म्हणून गोळी सोडू नका!

दोन महिन्यांपूर्वी पंचेचाळिशीच्या एक बाई दवाखान्यात आल्या. उजवा हात इतका सुजलेला की, बांगड्या कापून काढाव्या लागल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी त्याच बाजूच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली. "गोळी चालू आहे ना?" मी विचारले. "तीन महिने झाले, बंद केली डॉक्टरसाहेब. त्या गोळीनंच हात सुजतो, असं नणंद म्हणाली."

नणंदबाईंचे म्हणणे अगदीच निराधार नाही. पेशींभोवती झिरपलेले पाणी लसिकावाहिन्या परत रक्तात नेतात. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक या वाहिन्यांच्या अस्तराचे रक्षण करते आणि इस्ट्रोजेनला रोखणारी टॅमॉक्सिफेन ही गोळी सूज वाढवू शकते, असे २०१८ साली फ्रेंच संशोधकांना उंदरांवरील प्रयोगांत दिसले.

परंतु सुजेचे मुख्य कारण वेगळेच असते. शस्त्रक्रियेत काखेतल्या लसिकाग्रंथी काढतात, वर किरणोपचार देतात. चर बुजला की पाणी शेतातच तुंबते, तसेच हे आहे. उलट, इस्ट्रोजेनवर पोसणाऱ्या कर्करोगात ही गोळी पाच वर्षे नियमित घेतल्यास पहिल्या १५ वर्षांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. सुजेवर इलाज आहे. पण उलटलेला कर्करोग आटोक्यात आणणे फार कठीण.

पूर्वी मीही अशा सुजेला लघवीच्या गोळ्या देत असे. ती माझी चूक होती. त्यांनी ही सूज हटत नाही. मापाची घट्ट बाही, जाणकाराकडून हलका मसाज, हाताचे व्यायाम आणि त्वचेची निगा, हा खरा उपचार. हात गळ्यात बांधून ठेवू नका, शेकू नका. हात लाल होऊन ताप आला किंवा सूज एकाएकी वाढून दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

त्या बाईंना मी लगेच कर्करोगतज्ज्ञांकडे पाठवले. सुदैवाने रोग उलटलेला नव्हता. गोळी पुन्हा सुरू झाली, बाहीने सूजही थोडी उतरली आहे.

दोष मी त्यांना देत नाही. हात सुजू शकतो, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. घरी सोडताना प्रत्येक रुग्णालयाने कार्डावर दोन ओळी मराठीत लिहाव्यात: हाताची काळजी कशी घ्यावी आणि विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये. एवढे काम आम्हा डॉक्टरांना जड नाही.