पोटात गोळा येणारा विश्वविजेता

ओरलच्या दिवशी सकाळी हॉस्टेलच्या संडासाबाहेरची रांग नेहमीपेक्षा मोठी का असते, हे कुणी कुणाला विचारत नाही. सगळ्यांना माहीत असतं. बादली हातात घेऊन उभे असलेले सगळे एकमेकांना "झालं का रे वाचून?" एवढंच विचारतात, आणि सगळे "काहीच नाही झालं राव" एवढंच उत्तर देतात. याच हॉस्टेलमध्ये मी चार वर्षं काढली. त्या रांगेत मीही उभा राहिलो आहे. आता टेबलाच्या पलीकडे बसून ओरल घेतो. दोन्ही बाजू पाहिल्या म्हणून आज थोडं लिहावंसं वाटलं. पण लिहिणार आहे एका जर्मन फुटबॉलपटूबद्दल! सर कुठून कुठे चालले असं वाटेल, पण जरा धीर धरा.

त्याचं नाव पेर मर्टेसॅकर. जन्म १९८४ चा, गाव हॅनोव्हर. उंची १.९८ मीटर, म्हणजे साडेसहा फूट. खेळायचा बचावफळीच्या मध्यभागी. गोल मारणाऱ्यांची पोस्टर्स खोल्याखोल्यांत लागतात, गोल वाचवणाऱ्यांची कोण लावणार? त्यातून हा गडी वेगाने कमी. उंची आणि डोकं या दोन गोष्टींच्या जोरावर खेळायचा. चेंडू कुठे येणार ते आधी ओळखायचं आणि तिथे जाऊन उभं राहायचं, एवढीच त्याची कला. २०१८ मध्ये त्याने आत्मचरित्र लिहिलं, त्याच्या जर्मन नावाचा अर्थच मुळी 'प्रतिभा नसलेला विश्वविजेता' असा आहे.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते जुलै २००६ मध्ये. मी तेव्हा सेकंड इयरला. विश्वचषकाची उपांत्य फेरी, जर्मनी विरुद्ध इटली, सामना डॉर्टमुंडला. आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झाला. टीव्ही रूममध्ये पंचवीस-तीस जण, त्यातले निम्मे खिडकीत. ब्राझील आधीच फ्रान्सकडून हरून घरी गेलेलं, त्यामुळे ब्राझीलवाल्यांनी नाइलाजाने जर्मनीला दत्तक घेतलेलं. नव्वद मिनिटं झाली, गोल नाही. जादा वेळ संपत आला, तरी गोल नाही. पेनल्टी शूटआऊट होणार म्हणून कुणीतरी चहा आणायला उठला, आणि ११९ व्या मिनिटाला ग्रोसोने गोल मारला. पाठोपाठ देल पिएरोचा दुसरा. संपलं! यजमान देश स्वतःच्या मैदानात बाहेर. पडद्यावर पडलेले चेहरे दिसत होते. आमच्यातला एक जण म्हणाला, "बिचाऱ्यांना आठवडाभर झोप लागणार नाही."

त्या संघात मर्टेसॅकर होता, वय वर्षं २१. त्या रात्री त्याला काय वाटलं, हे त्याने तब्बल बारा वर्षांनी, मार्च २०१८ मध्ये 'डेर श्पीगल' या साप्ताहिकाला सांगितलं. वाईट वाटलं, पण त्याहून जास्त वाटलं ते हायसं. सुटलो एकदाचा!

त्याच मुलाखतीत त्याने आणखीही बरंच सांगितलं. सामन्याच्या दिवशी सकाळपासून त्याच्या पोटाची वाट लागायची. पुन्हापुन्हा संडासला पळायचं. मैदानात उतरल्यावर, पंचाची शिट्टी वाजायच्या अगदी आधी, पोटातून ढवळून उमाळा यायचा, इतका की डोळ्यांत पाणी यायचं. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून तो मान बाजूला वळवायचा. हे एखाद्या मोठ्या सामन्यापुरतं नव्हतं, पिढीजात दुखणं असावं तसं कायम त्याच्या मागे होतं. आणि नुसत्या क्लबांकडून त्याने खेळलेले सामने पाचशेच्या वर भरतात!

आता करिअर पाहा. नोव्हेंबर २००३ मध्ये हॅनोव्हर ९६ कडून बुंडेसलिगात पदार्पण. वर्षभरात, ऑक्टोबर २००४ मध्ये, तेहरानला इराणविरुद्ध देशाकडून पहिला सामना. २००६ च्या विश्वचषकानंतर व्हेर्डर ब्रेमेन, तिथे २००९ चा जर्मन कप. ऑगस्ट २०११ मध्ये आर्सेनल मँचेस्टर युनायटेडकडून ८-२ असा हरला आणि तीनच दिवसांनी याला विकत घेतलं. म्हणजे घर जळत असताना बोलावलेला माणूस! तिथे तीन वेळा एफ. ए. कप. जर्मनीकडून १०४ सामने. २००८ च्या युरो स्पर्धेचं उपविजेतेपद, २००६ आणि २०१० च्या विश्वचषकात तिसरा नंबर आणि २०१४ मध्ये ब्राझीलला जाऊन विश्वचषक. त्या स्पर्धेत अल्जीरियाविरुद्ध जर्मनी कसाबसा जिंकला. टीव्हीच्या वार्ताहराने खेळ नीट का झाला नाही म्हणून खोदून विचारलं, तेव्हा हा वैतागून म्हणाला की आता मी तीन दिवस बर्फाच्या टबात पडून राहणार आहे. सगळं जग हसलं. पुढच्याच सामन्यात त्याला राखीव खेळाडूंत बसवलं, अंतिम सामन्यात शेवटच्या क्षणी मैदानात उतरवलं. त्याने कुरकुर केली नाही.

बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसणार? दगडासारखा शांत माणूस. आणि आत हे असं.

मुलाखत छापून आल्यावर अनेकांनी कौतुक केलं, पण सगळ्यांनी नाही. लोथर मथायस, म्हणजे १९९० च्या विश्वविजेत्या जर्मन संघाचा कप्तान, त्याने जाहीर टीका केली. मुद्दा असा की, दबाव एवढा असह्य होता तर हा इतकी वर्षं खेळला कशाला? आणि त्याच वर्षी मर्टेसॅकर आर्सेनलच्या युवा अकादमीचा प्रमुख होणार होता. जो स्वतः दबावाने हैराण, तो पोरांना काय शिकवणार?

मित्रांनो, हा मथायस आपल्या ओळखीचा आहे की नाही? प्रत्येक कॉलेजच्या स्टाफरूममध्ये तो एक असतो. "प्रेशर झेपत नसेल तर इंजिनिअरिंगला यायचंच नाही," हे वाक्य मी विद्यार्थी असताना ऐकलं आणि शिक्षक झाल्यावरही ऐकलं. प्रामाणिकपणे सांगायचं तर स्वतः म्हटलंसुद्धा आहे.

मला मथायसचं म्हणणं पटत नाही, आणि याला पुरावा मर्टेसॅकरचंच करिअर आहे. भीती वाटणं म्हणजे लायकी नसणं, असं धरलं तर १०४ सामने खेळणारा हा माणूस नालायक ठरतो! मे २०१७ चा एफ. ए. कपचा अंतिम सामना घ्या. गुडघ्याच्या दुखापतीमुळे जवळजवळ अख्खा मोसम हा बाहेर. लीगच्या शेवटच्या दिवशी बदली खेळाडू म्हणून थोडा वेळ खेळला, बस्स. आणि सहा दिवसांनी, इतर बचावपटू जखमी नाहीतर निलंबित म्हणून, वेम्बलीवर चेल्सीसमोर याला कप्तान करून उभं केलं. चेल्सी त्या वर्षीचा लीग विजेता. वर्षभरात पहिल्यांदाच हा सुरुवातीपासून खेळत होता. आणि काय खेळला म्हणता! आर्सेनल २-१ ने जिंकला. त्या दिवशी पोट शांत होतं म्हणून तो चांगला खेळला असेल, असं मला वाटत नाही. पोट आपलं काम करत राहिलं, आणि त्याने आपलं केलं.

पण मुलाखतीतलं मला सगळ्यात लागलेलं वाक्य वेगळंच. तो म्हणतो की, अधूनमधून हक्काची विश्रांती मिळवायचा एकच मार्ग होता, दुखापत. पाय मोडला तर कुणी प्रश्न विचारत नाही. मन थकलं म्हणून सुट्टी कोण देणार?

हे वाचलं आणि मला माझं थर्ड इयर आठवलं. एका ओरलला माझे हात कापत होते. एक्सटर्नल सर सगळ्या बॅचसमोर म्हणाले, "हात कापणारा माणूस मशीनवर काय उभा राहणार?" सगळे हसले, मीही हसलो. पुढच्या सेमिस्टरला ओरलच्या आदल्या रात्री मी ताप आल्याचं सोंग केलं आणि गेलोच नाही. घरी सांगितलं, टायफॉइडसारखं काहीतरी होतं. आईने काळजीने दहा दिवस फोन केले. त्या खोट्याची लाज मला के.टी.पेक्षा जास्त वाटली. शेवटी एका रात्री रूममेटला खरं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "अरे, मला तर दर वेळी उलटी होते. म्हणून मी सकाळी मेसला येत नाही." दोन वर्षं आम्ही एका खोलीत राहत होतो आणि दोघांनाही पत्ता नव्हता! पुढच्या ओरलला आम्ही दोघं बरोबर चालत गेलो. भीती होतीच, पण ती लपवायचं काम उरलं नव्हतं. माझ्या अनुभवाने सांगतो, दमवतं ते हे लपवायचं काम.

आणि कधीकधी ते जीवही घेतं. रॉबर्ट एन्के हा हॅनोव्हरचा आणि पुढे जर्मनीचा गोलरक्षक, मर्टेसॅकरचा जुना सहकारी. नोव्हेंबर २००९ मध्ये वयाच्या ३२ व्या वर्षी त्याने आत्महत्या केली. दुसऱ्या दिवशी त्याच्या पत्नीने पत्रकारांसमोर सांगितलं की त्याला नैराश्याचा आजार होता, उपचारही चालू होते, पण बाहेर कळू द्यायची त्याची तयारी नव्हती. इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. ओरलच्या सकाळी पोटात गोळा येणं हा आजार नाही. पण आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, आपण नसलेलंच बरं असं मनात येतंय, तर तो आजार असू शकतो आणि त्याला डॉक्टर असतात. त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. मित्राला, रेक्टरना, घरी, मला. रात्री दोन वाजता दार वाजवलंत तरी चालेल. आणि ज्याला सांगाल त्याने "टेन्शन नको घेऊस यार" म्हणून कूस बदलू नये, त्याला सोबत घेऊन उठावं.

आता स्टाफमधल्या माझ्या सहकाऱ्यांसाठी दोन शब्द. "बाहेर कंपनीत यांचे लाड कोण करणार?" हा आपला नेहमीचा सवाल. पण मर्टेसॅकरने कधी गोलपोस्ट लहान करा म्हटलं नाही. प्रश्न अवघडच विचारा, मार्क काटेकोरपणे द्या. फक्त थट्टा नको. मागच्या वर्षी मी एका घाबरलेल्या मुलाला म्हणालो, "मी काय खातो का तुला?" माझ्या मते तो विनोद होता. बॅच हसली, आणि त्यानंतर त्या मुलाच्या तोंडून शब्द फुटला नाही. जर्नल मात्र त्याचं वर्गात सगळ्यात चांगलं होतं. त्या खुर्चीत बसून मी नेमका माझा एक्सटर्नल झालो होतो. तेव्हापासून मी ओरलच्या नंबरांची यादी आदल्या संध्याकाळीच बोर्डावर लावतो, पहिला प्रश्न त्याच्याच जर्नलमधला विचारतो, आणि आत एका वेळी एकालाच बोलावतो. पाच पैशांचा खर्च नाही.

आणि पोरांनो, तुम्हीही गैरसमज करून घेऊ नका. मर्टेसॅकरचं नाव सांगून सबमिशन पुढे ढकलायचं नाही! तो सरावाला जायचा, शिट्टी वाजली की खेळायचा. पुन्हा संधी मिळाली तर हे सगळे त्रास सोसून हेच आयुष्य पुन्हा जगेन, असंही त्याने त्याच मुलाखतीत सांगितलं आहे. तुम्ही तयारी करा. भीती येईल, तिला येऊ द्या, बरोबर घेऊन जा.

आर्सेनलने मथायसचं ऐकलं नाही. २०१८ मध्ये मर्टेसॅकर अकादमीचा प्रमुख झालाच. सामन्याआधी एखादा सोळा वर्षांचा पोरगा बाथरूमचं दार लावून बसला, तर त्याला काय होतंय हे न सांगता कळणारा माणूस त्यांनी तिथे बसवला. माझा मुलगा उद्या फुटबॉल शिकायला गेला तर मला असाच सर हवा.

परवापासून ओरल सुरू होतायत. सकाळी रांगेत शेजारी उभा असलेला म्हणेल, "काहीच नाही झालं राव." त्याला एकदा विचारून तर पाहा, "पोट ठीक आहे ना रे?"