झाडाची जात आणि उपटणाऱ्याची जात

‘उपरा’ या शब्दाला आमच्या पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात फार काम असते. निघोजे, महाळुंगे, कुरुळीच्या भाड्याच्या खोल्यांत राहणारा बिहारचा नाहीतर मराठवाड्याचा कंत्राटी कामगार उपरा. टेकडीच्या कडेला पत्रे ठोकून राहिलेले कुटुंब उपरे. अलीकडे सकाळी टेकडीवर फिरायला जाणाऱ्या मंडळींनी या शब्दाला आणखी एक काम लावले आहे. ग्लिरिसिडिया उपरी, घाणेरी उपरी, जलपर्णी उपरी. उपटा आणि फेका.

या वनस्पती घातक आहेत याबद्दल आमचे दुमत नाही. हे आधीच सांगितलेले बरे, नाहीतर ‘यांना झाडातही जात दिसते’ हे ठरलेले वाक्य पहिल्याच परिच्छेदावर येऊन आदळते. घाणेरीखाली गवत उगवत नाही. गवत नाही तर चितळ नाही, चितळ नाही तर वाघ नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने वाघांच्या मुलुखात घाणेरीने सुमारे दीड लाख चौरस किलोमीटर जंगल व्यापल्याचे सांगितले. ही झाडे हटवली पाहिजेत. आमचा वाद आहे तो ती आणली कोणी, उपटणार कोण, आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर उद्या हक्क कोणाचा, या तीन प्रश्नांवर. पर्यावरणाच्या व्यासपीठांवर हे प्रश्न विचारले जात नाहीत. विचारले की सूत्रसंचालक घड्याळाकडे बघतो.

आधी शब्दाचेच बघू. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि आक्रमक परकीय प्रजातींची व्याख्या पहिल्यांदा कायद्यात आली. मूळची भारतातली नसलेली आणि जिच्या प्रसाराने वन्यजीवांना किंवा त्यांच्या अधिवासाला धोका पोहोचू शकतो, ती प्रजाती आक्रमक. व्याख्येचे हे दोन भाग आहेत, जन्म आणि वर्तन. टेकडीवरच्या चर्चेत मात्र दुसरा भाग गळून पडतो आणि जन्म तेवढा उरतो. जन्मावरून माणूस मोजण्याची सवय ज्या समाजाला हजारो वर्षांची आहे, तो झाडेही जन्मावरूनच मोजणार, यात नवल नाही. पण मग ठेच्यातल्या मिरचीचे काय करायचे? मिरची, बटाटा, टोमॅटो, भुईमूग, मका, सगळे अमेरिका खंडातून आलेले. आणि आपली देशी, गावरान बाभूळ? ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये ती राष्ट्रीय पातळीवरचे घातक तण म्हणून नोंदलेली आहे. तिकडच्या गवताळ माळांची तिने वाट लावली. तिकडे ती उपरी, इकडे ती घरची. दोष बाभळीच्या कुळाचा नाही, तिला उचलून तिकडे नेणाऱ्याचा आहे.

तर आणणारे कोण ते पाहा. घाणेरी इंग्रजांच्या बागांत शोभेचे झुडूप म्हणून आली. जलपर्णी तिच्या जांभळ्या फुलांसाठी आली. गाजरगवताची भारतातली ठळक नोंद तर आपल्या पुण्यातलीच, १९५५ सालची. आयात गव्हातून ते आले असे मानतात. लोक त्याला पीएल-४८० च्या गव्हाशी जोडतात, पण तो करार १९५६ चा, म्हणजे बी त्याआधीच्या कुठल्यातरी पोत्यातून आले असणार. काही असो, त्याला ‘काँग्रेस गवत’ म्हणणाऱ्या जनतेची नावे ठेवण्याची समज चांगली होती. गहू कोणी मागवला हा प्रश्न कागदांत राहिला. त्या गवतात उघड्या हातांनी निंदणी-खुरपणी करणाऱ्या बायांच्या कातडीला मात्र अजून खाज सुटते, चट्टे उठतात.

यातली कोणतीही वनस्पती भूमिहीनाने आणलेली नाही. धनगराने नाही, कातकऱ्याने नाही, महार-मांगाने नाही.

ग्लिरिसिडियाची गोष्ट सर्वांत बोलकी. कोणी तिला गिरिपुष्प म्हणते, कोणी उंदीरमारी. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे हे झाड. पुण्याच्या आसपासच्या वनखात्याच्या टेकड्यांवर ते मुद्दाम लावले गेले, आणि ‘वनीकरण यशस्वी’ म्हणून त्याचे आकडे वर पाठवले गेले. का लावले? फांदी खोचली की जगते, भराभर वाढते, आणि आपल्याकडची शेळ्या-गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. हे शेवटचे कारण पुन्हा वाचा. गरिबाची शेळी खाणार नाही, हा झाडाचा गुण ठरला. ज्या माळावर गावकुसाबाहेरचा माणूस चार शेळ्या चारून मुलाची फी भरत होता, तो माळ सरकारच्या लेखी ‘पडीक’ होता. पडीक म्हणायचे, हिरवा करायचा आणि शेळीवाल्याला हाकलायचे. जो माळ मुळात गवताचाच होता, तिथे झाडे लावल्याने जंगल झाले नाही आणि माळही राहिला नाही.

वन्यजीवांच्या राखीव जागांतही हेच घडले. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य केले. माळढोक उघड्या गवताळ माळावरचा पक्षी, त्याला दूरवर नजर पोहोचेल अशी मोकळी जागा लागते. त्या मुलुखातल्या माळांवरही ग्लिरिसिडियासारख्या झाडांची लागवड झाली. आज नान्नजला माळढोक दिसणे ही बातमी होते. आमच्याच जिल्ह्यात, सुप्याला, चिंकारांसाठी मयुरेश्वर अभयारण्य आहे. चिंकाराही गवतावर आणि मोकळ्या झुडपी माळावर जगणारा प्राणी. म्हणजे माळढोक, चिंकारा, लांडगा आणि शेळीवाला, या सगळ्यांची गरज एकच होती, उघडा माळ. यात एकमेकांचे शत्रू म्हणून कोणाला उभे केले? शेळीवाल्याला आणि चिंकाराला.

आणि अतिक्रमण हा शब्द कोणासाठी राखून ठेवला? २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयात गायरानांचा विषय आला तेव्हा शासनाने राज्यभरातील २ लाखांहून अधिक अतिक्रमणे मोजून दाखवली आणि गावोगावी नोटिसा निघाल्या. त्यांत दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासून गायरान कसत आलेल्यांचे वारसही होते. टेकडीच्या टेकडी व्यापून बसलेल्या ग्लिरिसिडियाला नोटीस गेलेली आम्ही ऐकलेली नाही. खेड तालुक्यात भीमाशंकर अभयारण्याला लागून पवनचक्क्यांसाठी वनजमीन दिली गेली, डोंगर फोडून रस्ते झाले, त्याला प्रकल्प म्हणतात.

भीमाशंकर हे आमच्या औद्योगिक पट्ट्याच्या डोक्यावरचे जंगल. १९८५ साली शेकरूसाठी ते अभयारण्य झाले. चाकणहून राजगुरुनगर, वाडा करत वर गेले की भोरगिरीकडे त्याची हद्द लागते. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारे महादेव कोळी अभयारण्य झाल्या दिवसापासून आपल्याच रानात परवानगी मागणारे झाले. राखीव जंगलात माणूस नको, हा विचार विद्यापीठांत आणि क्लबांत तयार झाला. त्याची परीक्षा कर्नाटकातल्या बिळिगिरीरंगन डोंगरात झाली आहे. तिथले सोलिगा आदिवासी दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला पालापाचोळ्याला हलकी आग लावत. १९७४ साली अभयारण्य झाल्यावर ती आग गुन्हा ठरली. सोलिगांचे म्हणणे असे की ती आग थांबली आणि घाणेरीने जंगल गिळले. संशोधकांनी सुरुवातीला कानाडोळा केला, नंतर त्यांनाच या म्हणण्याचा अभ्यास करावा लागला. २०११ साली सोलिगांना त्या व्याघ्रक्षेत्रात सामूहिक वनहक्क मिळाले. सह्याद्रीत तशीच आग लावा असे आम्ही म्हणत नाही. इथले जंगल वेगळे, पाऊस वेगळा. पण इथल्या रानात घाणेरी आणि रानमोडी कधीपासून वाढली, कुठल्या वाटेने आली, काय केल्यावर मागे हटते, हे सांगणारा माणूस जागेवर आहे. त्याला विचारायचे की त्याच्यावर वनगुन्हा दाखल करायचा, एवढाच प्रश्न आहे.

कायदा विचारायला सांगतो. त्याच २०२२ च्या दुरुस्तीने कलम ३३ बदलले. जिथे वनहक्क कायदा लागू आहे तिथे अभयारण्याची व्यवस्थापन योजना ग्रामसभेशी विचारविनिमय करूनच तयार झाली पाहिजे. वनहक्क कायदा, २००६ ने तर सामूहिक वनाचे रक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन हा गावाचा हक्कच मानला आहे. म्हणजे परके तण काढण्याची योजना पुण्याच्या कार्यालयात तयार करून गावाला फक्त कोयता धरायला बोलावणे हे कायद्यात बसत नाही.

आता खाली, नदीवर या. पवना आणि इंद्रायणी अभयारण्यातून वाहत नाहीत हे खरे. पण मुळा-मुठेतून असो की तुळापूरच्या संगमातून, त्यांचे पाणी भीमेलाच मिळते आणि पुढे उजनीला जाते. तिथे भिगवणला आपण रोहित पक्षी बघायला कॅमेरे घेऊन जातो. रावेत, चिंचवड, पिंपरी, दापोडीत पवनेवर जी हिरवी चादर पसरते तिचे तुकडे आणि तिला पोसणारी घाण दोन्ही त्याच वाटेने जातात. जलपर्णी नत्र आणि फॉस्फरसवर पोसते, म्हणजे मैलापाण्यावर आणि साबणाच्या पाण्यावर. तिचे बी गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहते. तिच्यावर सोडायचे भुंगे १९८० च्या दशकात देशात आणले गेले. ते पाने खातात, पण वरून रोज खत ओतले जात असेल तर भुंग्यांनी किती खावे? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशात सर्वाधिक, ५३ प्रदूषित नदीपट्टे महाराष्ट्रात होते आणि पवना त्यात होती. अशा नदीत जलपर्णी हे दुखणे नाही, लक्षण आहे. दुखणे तसेच ठेवून लक्षण दरवर्षी निविदा काढून उपटायचे, यात कोणाचा फायदा आहे हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

ते उपटते कोण? यंत्रे येतात, त्यांचे फोटोही येतात. यंत्र पोहोचत नाही त्या काठाला, पुलाखाली, नाल्याच्या तोंडाशी माणूस उतरतो. कमरेएवढ्या मैलापाण्यात, पायाखाली काय आहे ते न दिसता. ठेकेदारांचे हजेरीपट मिळवा आणि आडनावे वाचा. जात ही कामाची नव्हे तर काम करणाऱ्यांची वाटणी आहे हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगून ठेवले आहे, हजेरीपट त्याची फक्त ताजी प्रत आहे. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा गटार आणि सेप्टिक टँकमधल्या धोकादायक सफाईबद्दल बोलतो. नदीचे नाव त्यात नाही. शहराने नदीचे गटार केले, पण कागदावर ती नदीच राहिली, म्हणून तिच्यात उतरणारा माणूस कायद्याच्या संरक्षणाबाहेर राहिला. चवदार तळ्याच्या पाण्यावर हक्क सांगायला १९२७ साली बाबासाहेब महाडला गेले, त्याला शंभर वर्षे होत आली. आज आपल्याला पाण्यात उतरायला कोणी अडवत नाही. उलट ठेकेदार घरून बोलावून नेतो.

या चादरीखालचे डास कोणाच्या घरात जातात हेही सांगितले पाहिजे. नदीकाठच्या पंचविसाव्या मजल्यावर ते पोहोचत नाहीत. संजय गांधीनगरात आणि दापोडीच्या काठावरच्या पत्र्याच्या घरांत पोहोचतात.

आमच्या मागण्या साध्या आहेत. भीमाशंकर असो की मयुरेश्वर, तण काढण्याचे काम ठेकेदाराला नव्हे तर ग्रामसभेला द्या. मजुरी रोजगार हमीच्या दराने एक हंगाम देऊन विसरू नका. घाणेरी एकदा काढून जात नाही, चार-पाच वर्षे मागे लागावे लागते, म्हणून तेवढ्या वर्षांचे काम आणि तेवढ्या वर्षांचा पैसा आधी मंजूर करा. मोकळ्या झालेल्या माळावर पुन्हा फोटोपुरती झाडे लावू नका, गवत येऊ द्या, आणि ते गवत कापण्याचा पहिला हक्क भूमिहीनांना द्या. चाकणच्या कारखान्यांनी सामाजिक जबाबदारीच्या नावाखाली टेकड्यांवर काय लावले त्याची यादी जाहीर करावी. कोनोकार्पसवर गुजरातने २०२३ मध्ये बंदी घातली, आमच्याकडे तो दुभाजकांवर दिमाखात उभा आहे. नदीत माणूस उतरवायचाच असेल तर गटारात उतरणाऱ्याला जे संरक्षण, जे कपडे, जी वैद्यकीय तपासणी आणि मृत्यू झाल्यास जी भरपाई, ती सगळी त्याला लागू करा. ते परवडत नसेल तर मैलापाणी आधी थांबवा.

२५ डिसेंबरला देहूरोडच्या धम्मभूमीवर हे निवेदन आम्ही सह्यांसाठी ठेवणार आहोत. १९५४ साली याच दिवशी बाबासाहेबांनी तिथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. ज्यांच्या घरातले कोणी जलपर्णीच्या कामावर गेले असेल त्यांनी येताना मजुरीची पावती आणावी. पावती मिळालेली नसेल तर कुठल्या पुलाखाली, किती दिवस आणि किती पैशांवर काम केले, तेवढे कागदावर लिहून आणावे.