थोडी म्हंजे किती?

मागच्या शनिवारी वणीला मामांकडे होतो. दोरीवरचे कपडे झटकता झटकता मामी म्हणाली, "कोळशाच्या धुळीत किरणं असतात म्हणे, खरं हाय का रे?" मी पडलो इंजिनिअर, म्हणजे मला सगळं ठाऊक! म्हटलं, "असतात थोडी." मामा लगेच, "थोडी म्हंजे किती?"

झालं... आमची बोलती बंद.

मंडळी, प्रश्न मामांचाच बरोबर आहे. कोळशात युरेनियम-थोरियम अल्प प्रमाणात असतंच. जळाल्यावर ते राखेत एकवटतं. शिवाय जमिनीतून रेडॉन वायू सतत निघतो, वणीत काय नि पुण्यात काय. जगात माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट नैसर्गिक किरणोत्सार मिळतो, त्यातला निम्मा रेडॉनमुळे. म्हणजे शून्य कुठेच नाही. खरा प्रश्न, "नेहमीपेक्षा जास्त आहे का?" आणि 'नेहमीचा' आकडाच गावाला माहीत नसेल तर?

२००९ च्या राष्ट्रीय मानकांत हवेतले १२ प्रदूषक आहेत. शिसं, निकेल, आर्सेनिकसुद्धा. किरणोत्सार नाही! भाभा अणुसंशोधन केंद्राची गॅमा मोजणारी केंद्रं देशभर आहेत, चांगलंच आहे. पण तो नुसता आकडा 'किती' सांगतो, 'कशामुळे' नाही. जोराच्या पावसात रेडॉनपासून बनलेले कण खाली येतात आणि आकडा आपोआप चढतो. त्याच दिवशी कुणी यंत्राचा फोटो फिरवला की गावभर बोंब!

उपाय जुनाच आहे. पंपाने हवा फिल्टर कागदातून ओढायची. लगेच मोजलं तर मुख्यतः रेडॉनचेच कण दिसतात. चार-पाच दिवसांनी ते विझतात, मग उरतं ते टिकाऊ. ते नेमकं काय, हे गॅमा स्पेक्ट्रोमीटर सांगतो. २०१७ मध्ये युरोपात अशाच फिल्टरांवर रुथेनियम-१०६ सापडलं. एकही देश कबूल झाला नाही, पण कागदांनी चुगली केलीच.

त्याच २०१७ साली आपल्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावले. अंगावर आणि श्वासात काय जातंय, हे आपल्याला दवाखान्यात कळलं. पुन्हा तसंच हवंय का?

"काही धोका नाही" म्हणणारे आणि "कॅन्सर! कॅन्सर!" ओरडणारे, दोघंही मला सारखेच. आकडा दोघांकडेही नाही. आमच्या धंद्यात लॉग नसलेल्या सर्व्हरबद्दल कुणी "सगळं ठीक आहे" म्हटलं तर लोक हसतात.

वणीत एक पंप बसवा. आठवड्याला एक कागद, आणि त्याचा आकडा नगरपरिषदेच्या फळ्यावर, मराठीत. कमी निघाला तर मामी निर्धास्त. जास्त निघाला तर भांडायला हातात काहीतरी.

असो. मामांना अजून उत्तर द्यायचंय.