माळावर ‘काहीच नसतं’?

एनएसएसमध्ये असाल तर जुलैत वनमहोत्सवाला एखाद्या माळावर खड्डे खणायला गेलाच असाल. तिथे काहीच नसतं, म्हणून तर झाडं लावायची! पण पुणे-सोलापूर पट्ट्यातल्या अशाच माळांवर दोघं जण पिढ्यान्‌पिढ्या राहतात. काळ्या मानेचा ससा आणि डोंबारी चंडोल.

वरवर बघितलं तर दोघांचा काही संबंध नाही. ससा रात्री चरणारा, जवळजवळ मुका. डोंबारी चिमणीएवढाही नाही, पण गातो. नर हवेत चढतो, पंख मिटून खाली येतो आणि जमिनीला टेकणार तोच पुन्हा वर. नाव उगाच नाही पडलं.

पत्ता मात्र दोघांचा एकच, उघडी जमीन. आपला रानससा बीळ खणत नाही, गवतात अंग दाबून खळगी करतो आणि दिवसभर तिथेच पडून राहतो. डोंबारीचं घरटंही खळगीच, कडेला बारीक खडे मांडलेले, आत दोन-तीन अंडी. फरक पिल्लांत आहे. सशाची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. डोंबारीची आंधळी. कुदळ आली तर ती पळणार कुठे?

आणि गरजाही वेगळ्या. सशाला लपायला गवत-झुडूप लागतं, डोंबारीला खडकाळ, मोकळी जागा. म्हणजे माळ तुकड्या-तुकड्यांचाच हवा. हे काम धनगरांची मेंढरं चरता चरता करतात, तेही फुकटात. ओळीने लावलेल्या रोपांना ते जमत नाही. उलट झाडं वाढली की कावळ्यांना टेहळणीला आयती फांदी मिळते.

सरकारी ‘वेस्टलँड अ‍ॅटलास’मध्ये मात्र झुडपी माळ पडीक जमिनीत मोजला जातो. राज्याने २०१७ ते २०१९ या तीन वर्षांसाठी ५० कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. आकडा एवढा मोठा असला की नजर आधी रिकाम्या दिसणाऱ्या जागेवरच जाणार ना! दुसरीकडे संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे गवताळ कुरणं आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून जाहीर केलंय. पुणे वनविभागाने इंदापूरजवळ कडबनवाडीला गवताळ सफारीही सुरू केली. तिथे लोकांना बघायचा असतो लांडगा. तो लांडगा ससे खातो.