पिल्लाच्या ताटलीचा ताळेबंद

पावसाळा सरून थंडीची चाहूल लागली की आपल्या वस्त्यांतून कुत्र्यांची पिल्ले दिसू लागतात. पाण्याच्या टाकीखाली, उभ्या हातगाडीच्या सावलीला, विहारामागच्या भिंतीलगत एकेका कुत्रीची पाच-सहा पिल्ले असतात. त्यातले एखादे मुले उचलून घरी आणतात. आई दोन दिवस रागावते आणि तिसऱ्या दिवशी तीच वाटीभर दूध ठेवते. यात नवीन काही नाही. नवीन आहे तो एक प्रश्न. तो घेऊन गेल्या काही दिवसांत वस्तीतले तीन-चार तरुण आमच्याकडे आले. पिल्लाला शिजवलेले अन्न देऊच नये, कुत्रा मूळचा लांडगा, त्याला कच्चे मांसच द्यावे, असे त्यांनी मोबाईलवर पाहिले होते. "काका, हे खरं आहे का? आणि खरं असेल तर काय आणि किती द्यायचं?" असे त्यांनी विचारले.

आम्ही जनावरांचे डॉक्टर नाही. दिवसभर जमा-खर्चाच्या वह्या पाहणारे कारकून आहोत. पण हा विषय वाचून आणि जाणकारांना विचारून पाहिला तेव्हा ध्यानात आले की हाही हिशेबाचाच मामला आहे. अन्न कच्चे की शिजवलेले, हा दुसरा प्रश्न. ताटलीतला हिशेब जुळतो की नाही, हा पहिला. म्हणून वाचकांपुढे तो त्याच क्रमाने मांडतो.

कच्च्या आहाराची ही चळवळ तशी जुनी नाही. ऑस्ट्रेलियातील पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांचे या विषयावरचे पुस्तक १९९३ साली निघाले. कुत्र्याला कच्चे मांस, कच्ची मांसल हाडे, काळीज आणि थोडा भाजीपाला द्यावा, असे त्यांचे म्हणणे. तिथून हा विचार देशोदेशी पसरला. त्यात तथ्य नाही असे नाही. कुत्रा मांस उत्तम पचवतो, हे खरेच आहे. पण 'कुत्रा म्हणजे लांडगाच' हे मात्र पूर्ण खरे नाही. २०१३ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले की पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात त्या चारपासून तीसपर्यंत असतात. माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर हजारो वर्षे जगताना कुत्र्याचे पोट बदलले. तेव्हा भात-भाकरी म्हणजे त्याला विष, हे म्हणणे टिकत नाही.

आता हिशेबाकडे वळू. वाढत्या पिल्लाची हाडे दोन खनिजांवर उभी राहतात, कॅल्शियम आणि फॉस्फरस. पिल्लाच्या अन्नात एक भाग फॉस्फरस असेल तर कॅल्शियम निदान एक भाग हवे, आणि दोन भागांपेक्षा जास्त नको. आता बिनहाडाचे मांस पाहा. त्यात कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट, कधी त्याहून जास्त फॉस्फरस असतो. म्हणजे नुसता खिमा खाणाऱ्या पिल्लाच्या खात्यात फॉस्फरस भरपूर जमा होतो आणि कॅल्शियमची बाजू रिकामी राहते. रक्ताला तर कॅल्शियम लागतेच. मग शरीर ते स्वतःच्याच हाडांतून काढते. मुद्दल मोडून घर चालवावे तसा हा प्रकार.

आमच्या ओळखीच्या एका तरुणाने हौसेने पिल्लू पाळले. स्वतः चहा-बिस्किटावर राहून पिल्लाला तो रोज खिमा आणी. पिल्लू गुबगुबीत दिसे, केस चमकत. दोन महिन्यांनी ते लंगडू लागले, उचलले की ओरडू लागले, पुढचे पाय बाहेरच्या बाजूला वाकले. पशुवैद्यांनी फोटो काढला तर हाडे कागदासारखी पातळ. मारहाण नाही, पडझड नाही. प्रेम होते, पैसाही खर्च झाला होता, फक्त हिशेब चुकला होता. आहार बदलल्यावर ते पिल्लू सावरले, पण पायांचा बाक काही पुरता गेला नाही.

आपल्याकडे लहान मुलांच्या मुडदुसाची ओळख जुन्या बायकांना चांगली आहे. त्या रोगाचे कोडे उलगडण्यात कुत्र्याच्या पिल्लांचाच वाटा आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. एडवर्ड मेलनबी या इंग्रज डॉक्टरांनी पिल्लांना घरात कोंडून मुख्यतः ओटची पेज आणि पाव अशा अन्नावर वाढवले. त्यांना मुडदूस झाला. कॉड माशाच्या यकृताचे तेल दिलेल्या पिल्लांना तो झाला नाही. हे निष्कर्ष १९१९ साली प्रसिद्ध झाले आणि 'ड' जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट मोकळी झाली. त्या ज्ञानावर पुढे असंख्य मुलांचे पाय सरळ राहिले. यातून आपल्या कामाची गोष्ट अशी की माणसाच्या कातडीत उन्हामुळे 'ड' जीवनसत्त्व तयार होते, कुत्र्याच्या कातडीत ते पुरेसे होत नाही. पिल्लाला कितीही उन्हात खेळवले तरी ते अन्नातूनच मिळाले पाहिजे. अंड्याचा बलक, मासळी आणि थोडे काळीज यांतून ते मिळते. म्हणून नुसता खिमा जसा अपुरा, तसाच नुसता दूध-भात किंवा चहात बुडवलेली पोळीही अपुरीच.

कच्चा आहार देणारे लोक साधारण असे प्रमाण धरतात: शंभर भागांत ऐंशी भाग मांस, दहा भाग हाड, पाच भाग काळीज आणि पाच भाग गुर्दा किंवा तिल्ली. दोन ते चार महिन्यांच्या पिल्लाला दिवसाला त्याच्या वजनाच्या ८ ते १० टक्के अन्न लागते. तीन किलोचे पिल्लू धरले तर दिवसाला २४० ते ३०० ग्रॅम. ३०० ग्रॅमचा हिशेब मांडला तर साधारण ५० ग्रॅम कोंबडीचे पंजे, १५ ग्रॅम काळीज, १५ ग्रॅम गुर्दा आणि उरलेले २२० ग्रॅम मांस. पंजात निम्म्याहून अधिक हाडच असते, म्हणून एवढे पंजे पुरतात. कोंबडीचा पोटा आणि हृदय ही मांसाच्या खात्यात धरतात, काळजाच्या नव्हे. काळीज स्वस्त मिळते म्हणून वाटीभर घालू नये. त्यातले 'अ' जीवनसत्त्व शरीरात साठत जाते आणि अती झाले की हाडांनाच अपाय करते.

एवढे करूनही वही पूर्ण जुळत नाही. जस्त, मँगेनीज, आयोडीन, 'ई' जीवनसत्त्व आणि मासळीतले उपयुक्त तेल या प्रमाणात कमी पडते. मोठ्या कुत्र्याचे अशा उणिवेवर काही दिवस निभावते. पिल्लाचे निभावत नाही, कारण त्याची हाडे याच चार-सहा महिन्यांत घडत असतात.

आता दुसरा प्रश्न, कच्चे की शिजवलेले. कच्च्या मांसावर साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. फ्रीजरमध्ये गोठवल्याने ते मरत नाहीत, नुसते थांबून राहतात. कुत्रा स्वतः धडधाकट दिसतो, पण त्याच्या विष्ठेतून आणि तोंडातून ते जंतू घरात पसरू शकतात. म्हणूनच अमेरिकेतील पशुवैद्यांच्या संघटनेने २०१२ साली कच्चे मांस देऊ नये अशी भूमिका घेतली. ज्यांच्याकडे वेगळे स्वयंपाकघर, वेगळा ओटा आणि मोठा फ्रीज आहे त्यांना काळजी घेणे थोडे तरी सोपे. आपल्या घरात एकच मोरी असते. त्याच मोरीत पिल्लाची ताटली धुतली जाते, तिथेच तान्ह्या बाळाची अंघोळ होते आणि तिथेच रात्रीची भांडी पडतात. घरात पाच वर्षांखालचे मूल, गरोदर बाई, म्हातारे माणूस किंवा औषधोपचार चालू असलेला रुग्ण असेल तर हा धोका पत्करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरा धोका याहून गंभीर आहे. बकऱ्या-मेंढ्यांच्या, म्हशीच्या काळजात किंवा फुफ्फुसात कधी कधी पाण्याने भरलेल्या गाठी दिसतात. खाटीक तो भाग कापून बाजूला टाकतो आणि कुत्री ती खातात. त्या गाठींतून कुत्र्याच्या आतड्यात अगदी बारीक पट्टकृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि अंगावरच्या केसांनाही चिकटतात. पिल्लाला कुरवाळून मुलाने हात न धुता घास घेतला की ती अंडी मुलाच्या पोटात जातात. मग तशाच गाठी मुलाच्या यकृतात किंवा फुफ्फुसात वर्षानुवर्षे गुपचूप वाढत राहतात. या रोगाला हायडेटिड म्हणतात आणि पुष्कळदा शस्त्रक्रियेशिवाय सुटका होत नाही. म्हणून खाटकाकडचे फुकटचे कच्चे तुकडे पिल्लाला घालू नयेत. वजडी, फुफ्फुस, काळीज द्यायचे असेल तर निदान अर्धा तास खळखळून उकळलेले असावे. गाठ दिसली तर तो भाग खोल पुरून टाकावा.

तिसरी गोष्ट ताजी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. त्यांच्या खाण्यातल्या कोंबडीच्या मांसाकडे संशय गेला. कुत्र्याला हा रोग मांजराच्या जातीइतका सहज होत नाही, पण कच्ची कोंबडी निर्धोक मानण्याचे दिवस राहिलेले नाहीत, एवढे त्यावरून समजावे.

मग आपण काय करावे? मांस शिजवावे आणि हिशेब मात्र सोडू नये. तीन किलोच्या पिल्लाला दिवसभरासाठी १५० ग्रॅम बिनहाडाची कोंबडी, त्यात दोन लहान तुकडे काळीज, एक अंडे, वाटीभर मऊ भात आणि चमचाभर लाल भोपळा किंवा गाजर, असे एकत्र उकडून घ्यावे. आठवड्यातून दोनदा कोंबडीऐवजी काटे काढलेली उकडलेली तारली द्यावी. इथे हाड नाही, म्हणून कॅल्शियम वेगळे घालावेच लागते. पशुवैद्यांकडून पिल्लांसाठीची कॅल्शियम-फॉस्फरसची पूड आणि त्याबरोबर जीवनसत्त्वांचे औषध लिहून घ्यावे, हे उत्तम. ते मिळेपर्यंत अंड्याचे कवच धुऊन, उकळून, वाळवून पिठासारखे बारीक दळावे आणि वर सांगितलेल्या दिवसाच्या अन्नात अर्धा सपाट लहान चमचा मिसळावे. कवचात कॅल्शियम असते पण फॉस्फरस जवळजवळ नसतो, म्हणून हा तात्पुरता उपाय समजावा. औषधाची पूड आणि कवच दोन्ही एकदम देऊ नये. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींच्या पिल्लांना जादा कॅल्शियमही बाधते. जास्तीचे कॅल्शियम अंगाबाहेर ठेवण्याची ताकद लहान वयात त्यांच्या आतड्यात नसते.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. घरात मटण शिजेल तेव्हा पिल्लाचा वाटा फोडणीआधी काढून ठेवावा. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्ताला अपाय करतात. मनुका, द्राक्षे आणि चॉकलेट तर मुळीच देऊ नये. रश्शातली शिजलेली हाडे देऊ नयेत, ती टोकदार फुटून आतड्यात रुततात. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि पुढे दोन वेळा खायला द्यावे. आईचे दूध आठ आठवड्यांपर्यंत मिळू द्यावे, त्याआधी पिल्लू उचलू नये. गाईचे किंवा पिशवीचे दूध जास्त झाले तर जुलाब होतात. ताटली माणसांच्या भांड्यांपासून वेगळी ठेवावी आणि पिल्लाला हात लावल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत.

जंताचे औषध पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा द्यावे. वर सांगितलेल्या पट्टकृमीवर साधे जंताचे औषध चालत नाही, त्यासाठी प्राझिक्वांटेल असलेले औषध लागते. हे पशुवैद्यांना आवर्जून विचारावे. लसींची सुरुवात सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास होते आणि रेबीजची लस तीन महिन्यांचे झाल्यावर टोचतात. या कामांसाठी तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. मुंबईकरांना परळचे बैलघोडा इस्पितळ ठाऊकच आहे. नुसते विचारायला जायलाही संकोच करू नये.

घरात शाळेत जाणारे मूल असेल तर त्याच्याकडे एक काम सोपवावे. एका जुन्या वहीत दर रविवारी पिल्लाचे वजन लिहायचे. मूल पिल्लाला घेऊन काट्यावर उभे राहिले आणि नंतर एकटे राहिले, की वजाबाकीने वजन मिळते. शेजारी त्या आठवड्यात काय खायला दिले आणि जंताचे औषध कधी दिले, तेही लिहायचे. वजन दोन आठवडे वाढले नाही, पिल्लू लंगडले किंवा उचलताना ओरडले, तर ती वही घेऊन दवाखान्यात जावे. डॉक्टरांना त्या एका पानावरून पुष्कळ कळते. मुलालाही हे कळते की मुक्या जिवाचे पोट नुसते भरून भागत नाही, त्याचा हिशेबही राखावा लागतो.